अकरा बोटींची माणसं

"आकडा सांगा, मॅडम. आकडा नसेल तर ही मागणी अहवालात जाणार नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचा अर्ज उचलला.

वकील स्वप्नाली हातातले कागद चाळू लागली. मतदानाच्या कायद्यात काय बदल हवेत ते ऐकायला समिती भाईंदर पूर्वेच्या या हॉलमध्ये एकदाच येणार होती. मच्छीमार दहा-दहा दिवस दर्यावर असतात. त्यांना निघण्याआधी मत देता यावं, एवढीच तिची मागणी. दोन वर्षं खपून तिने चौदा पानं लिहिली होती, कलमांचा कीस पाडला होता. मागच्या वेळी मताला मुकलेली माणसं नेमकी किती, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. शिकलेल्या माणसाचं असं होतं कधीकधी.

शेजारी उत्तन बंदरावरची कोळीण कृष्णाबाई बसली होती. स्वप्नालीने तिला चार डोकी जास्त दिसावीत म्हणून आणलं होतं, खोटं कशाला बोला. तीच उठली.

"आकडा न्हाय ठाव, साहेब. नावं सांगू?"

"सांगा, मावशी. पण दोन मिनिटांत."

कृष्णाबाईने पदर खांद्यावर ओढला. "बोट दर्याराणी. ती चालवनारा तांडेल बाबाजी. मंग धर्मा, धनेश, दाजी..." आठ नावं झाली. "जलकन्या. तांडेल पंढरीनाथ..." आवाज चढला नाही की अडखळला नाही. मतदानाच्या दिवशी जी जी बोट समुद्रात होती, तिच्यावरचा एकेक माणूस ती त्या हॉलमध्ये आणून उभा करत होती. अकरावी बोट येईपर्यंत मागच्या रांगांतली कुजबुज थांबली होती. समितीची लेखनिक रसिका लिहून लिहून घामाघूम झाली.

"अठ्ठ्याऐंशी, सर," ती म्हणाली.

अध्यक्षांना शंका आली. यायचीच, सगळी हयात सरकारी कागदांत गेलेली. "पुन्हा सांगाल? पहिल्यापासून?"

कृष्णाबाईने सांगितलं. रसिका प्रत्येक नावापुढे खूण करत गेली. एकही नाव गळलं नाही, एकही मागेपुढे झालं नाही. आपल्याला कायद्याची कलमं पाठ आहेत याचा स्वप्नालीला भारी अभिमान होता. तो जागच्या जागी गळून पडला.

"एवढं पाठ कसं केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाठ न्हाय केला, साहेब. वारा फिरला का आमी बायका बंदरावर जाऊन उभ्या ऱ्हातो. बोट आली का उतरेल त्याला बघायचा. कोण आला, कोण न्हाय, ते आमाला ठाव नको?"

अध्यक्षांनी रसिकाने केलेल्या खुणांवरून नजर फिरवली. मग त्यांनी हातातला दुसरा अर्ज बाजूला ठेवला. "मागणी अहवालात घ्या. आणि ही यादी जोडा. जशीच्या तशी."

रसिकाने कागद पुढे ओढला. "मावशी, शेवटी तुमचं नाव लिहिते हं."

इतका वेळ न अडलेली कृष्णाबाई आता मात्र गडबडली. तिने पुढे होऊन कागदावर तळहात ठेवला.

"माजा नको, बाय. मी घरी होते. मी मत दिलाय."