भावजींची वायर

‘व्हीपीएन बंद करा, मगच अर्ज भरता येईल,’ नर्सिंग कॉलेजची वेबसाइट तिसऱ्यांदा म्हणाली. आज शेवटची तारीख होती.

बंद कसं करू? घरातलं वायफाय माझ्या दिराचं. गावभर इंटरनेटच्या वायरी त्यांनीच टाकल्यात, आणि कोण कुठली वेबसाइट उघडतं ते त्यांना दुकानात बसून दिसतं. मागच्या वर्षी भर जेवणात म्हणाले, “वहिनी, नर्सिंग कॉलेज कशाला बघत होतात?” सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. अर्ज राहिला. तेव्हापासून मी व्हीपीएनच्या पडद्याआडूनच बघते.

बांगडीतली सेफ्टी पिन काढून मी फोनचा ट्रे उघडला. बाजारात छत्रीखालच्या माणसाकडून घेतलेलं माझं स्वतःचं सिम आत बसवलं. आधी वायफाय बंद केलं, मग व्हीपीएन. वेबसाइट मुकाट्याने उघडली.

जेवताना भावजी हसले. “हल्ली वहिनी काहीच बघत नाहीत वाटतं!”

“बघते की, भावजी. आज नर्सिंगचा अर्जही भरला. तुमच्या वायरीतून नाही, एवढंच.”

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

मी दुसरी भाकरी वाढून घेतली.