फुटबॉलचं पान

शार्मेनने बटण दाबलं आणि फुटबॉलच्या पानावर तो हसत उभा राहिला. पडदाभर.

तो वारल्यापासून, इथल्या आदिवासींच्या रीतीप्रमाणे, त्याचा चेहरा दाखवायचा नव्हता, नाव घ्यायचं नव्हतं. ॲलिस स्प्रिंग्जहून दुकानाचा माल आणणारा ट्रकवाला त्याच्याच नावाचा. त्यालाही सगळे ‘बिननाव्या’ म्हणून हाक मारत आणि तो गुमान ओ देई. घरचे ‘आता झालं’ म्हणेपर्यंत हे असंच चालायचं.

गावच्या चित्रकेंद्रात बसून शार्मेन गावाचा ब्लॉग सांभाळायची. जुन्या नोंदींतले त्याचे फोटो तिने एकूण एक झाकले होते. पण आज ब्लॉगला नवी थीम चढवली आणि या थीमला भारी हौस. कुठल्याही विषयाचं पान उघडा, प्रत्येक नोंदीचा पहिला फोटो ती हुडकून काढणार आणि ऐटीत मांडणार. झाकलेलासुद्धा. म्हणून सकाळपासून शार्मेन फुटबॉलचं पान वेगळं करत बसली होती. इथे नुसते मथळे, फोटो नाहीत. पान बोडकं दिसलं तरी चालेल. पण कुठेतरी कोडची एक ओळ चुकली होती.

“चहा टाकलायस, की नुसतीच टकटक?” मागून आवाज आला.

डॅफ्नी आत्या. त्याची आई.

आत्या दर आठवड्याला यायची. फुटबॉलचं पान उघडायला लावायची आणि डोळे बारीक करून अगदी तळापर्यंत बघायची. मग चहा प्यायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. शार्मेनला दर वेळी धडकी भरायची. आत्या दुखावली असती तर गावातल्या एकाही घराने पुन्हा तिच्या हाती फोटो दिला नसता. आणि ते बरोबरच झालं असतं, असं शार्मेनलाही वाटे.

तिने दोन्ही हात पडद्यावर धरले. “बघू नकोस, आत्या! चुकलं माझं. आत्ता घालवते.”

आत्याने तिचे हात बाजूला केले. खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघत राहिली.

“केस बघ गाढवाचे,” ती म्हणाली. “मॅच असली की माझा कंगवा पळवायचा.”

आणि ती हसली.

“काल सगळे एकत्र बसलो होतो आम्ही. आता झालं. तेच सांगायला आले होते.” आत्याने डोळे पुसले. “राहू दे क्लिफर्डला तिथेच. चांगला मोठा राहू दे.”

इतक्या दिवसांनी ते नाव कानावर पडलं आणि शार्मेनला रडू फुटलं. बरंही वाटलं, खूप बरं वाटलं.

“मला वाटायचं, तू दर वेळी माझी चूक शोधायला येतेस,” ती नाक पुसत म्हणाली.

“शोधायलाच यायचे की,” आत्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “एकदा तरी चुकायचं होतंस गं, पोरी.”