फक्त पायी

“पायी म्हणजे पायी,” मर्डॉकचा वकील म्हणाला आणि खाली बसला. एवढंच बोलायला तो हॅलिफॅक्स शहरातून केप ब्रेटन बेटावरच्या या कोर्टात आला होता.

एफीची व्हीलचेअर टेबलाखाली शिरत नव्हती. म्हणून ती आडवी लावली होती, नेमकी भावाकडे तोंड करून. मर्डॉक खिडकीबाहेर बघत होता.

भांडण बापाच्या वाटेचं. दोघांच्या सामाईक मालकीची ती वाट एफीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून थेट समुद्राच्या टोकापर्यंत जाते. तिथे मर्डॉकची होडी असते आणि वर जुनं कब्रस्तान आहे. एफीचा लेक रॉडी तिथे पुरलेला आहे. दुसरा रस्ता नाही. गेल्या हिवाळ्यात एफीचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती लेकाच्या थडग्यापाशी गेलेली नाही.

तिची वकील बुदरोबाई उठली. “साहेब, तडजोडीच्या हुकूमनाम्यात ‘दोघांनीही वाट फक्त पायी वापरावी’ असं घातलं, ते मर्डॉक यांचा ट्रक नको म्हणून. आजारी बाईची खुर्ची तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी होती का?”

“डोक्यातलं मला वाचता येत नाही, बाई. कागदावरचं येतं,” न्यायमूर्ती थेरियो म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बोलताना आवाज खाली आला होता त्याचा. “हा हुकूम कोर्टानं आपल्या मनानं दिलेला नाही. या दोघांनी आपसात ठरवलं, कोर्टानं शिक्का मारला. आता त्यांचा शब्द मी कसा बदलू?”

“तिचाच शब्द आहे तो!” मर्डॉक ताडकन उठला. “मी म्हणत होतो, ‘ट्रकशिवाय’ लिहा. ही म्हणाली, हातगाडीसुद्धा नको, चाकांचा खडखडाट नको मला!”

“खाली बसा. वाटाघाटीत कोण काय बोललं, तेही मी ऐकत नाही.” थेरियोंनी चष्मा काढला. “कागदावर ‘फक्त पायी’ आहे. खुर्चीला चाकं आहेत. अर्ज नामंजूर.”

मग ते जरा पुढे वाकले. “मात्र दोघांची संमती असेल, तर तो शब्द आत्ता, इथेच बदलता येईल. मी लगेच सही करतो.”

सगळे मर्डॉककडे बघायला लागले. मर्डॉक टोपी हातात चुरगाळत राहिला.

“दर वसंतात शेवंडं पकडायचे पिंजरे खांद्यावरून वाहिलेत मी, साहेब,” तो म्हणाला. “निदान हातगाडी तरी नेऊ दे, म्हणून हिच्या दारात जाऊन उभा राहिलो. हिनं पडदा ओढून घेतला. आता पाठ गेली माझी. नाही. माझी संमती नाही.”

काय म्हणावं या घराण्याला! रॉडीला पोहायला याच मामानं शिकवलं होतं, रॉडीच्या शवपेटीला याच मामानं खांदा दिला होता. आणि एफी तरी काय, चकार शब्द बोलली नाही. एक ‘चुकलं रे’ म्हणाली असती तर जीभ झडली असती का तिची?

बुदरोबाई खुर्ची वळवायला लागली. एफीनं धडधाकट हातानं चाक घट्ट धरलं.

“एक विचारू का, साहेब? मी मेले की मला लेकाशेजारी पुरायचंय. तेव्हा तरी त्या वाटेनं नेता येईल मला?”

थेरियोंनी चष्मा पुन्हा चढवला. हुकूमनामा उचलला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खरोखरच वाचून काढला. 

“पेटी उचलणारे चालत असतील,” ते म्हणाले, “तर ते पायीच झालं. नेता येईल.”

“बरं झालं,” एफी भावाकडे बघत म्हणाली. “मग वाट बघते.”