मंजुळेची डुलकी

जवळ सरका मंडळी, एक जुनी गोष्ट सांगतो. तेव्हा माझ्या कीर्तनात कुणी पेंगलं, की मी त्याच्या कानाशी झांज वाजवायचो आणि वर टोमणाही मारायचो.

दर गुरुवारी मी मुलांच्या वॉर्डातही कीर्तन करायचो. तिथले आजार बरे होणारे नव्हते; दुखणं हलकं करणं, एवढंच हाती होतं. पोरांना माझे टोमणे भारी आवडायचे. त्या गुरुवारी नऊ वर्षांच्या मंजुळेचा कळांमुळे दोन दिवस डोळा लागला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "बुवा, औषध दिलंय. आता तुम्ही झोपवा."

झांज पिशवीत ठेवून मी हलक्या आवाजात कृष्णाच्या लोणीचोरीचं आख्यान लावलं. तिच्या पापण्या मिटल्या. मग ती पुटपुटली, "बुवा, मी पेंगतेय. टोमणा मारा की!"

"नाही गं बाय. आज तुझी पेंग हीच माझी बिदागी."

ती हसली आणि झोपली. उशाशी बसलेली तिची आईही भिंतीला टेकून झोपली.

पुढच्या महिन्यात मंजुळा गेली. झांज अजून वाजवतो, पण पेंगणाऱ्याच्या कानाशी नाही. तुमच्या शेजारी कुणी पेंगलं, तर हलवू नका. माझ्या मंजुळेची आठवण काढा.