खालची ओळ

किर्गिझस्तानातल्या नारिनहून लंडनला आलेली पेरिझात त्या सकाळी एका सेवाभावी संस्थेच्या प्रसिद्धी विभागात शिकाऊ म्हणून रुजू झाली. विभागप्रमुख हेलनबाईंनी तिला लगेच एक फिल्म लावून दिली. "ही तुझ्याकडचीच आजी. दोन वर्षं हिच्याच जिवावर देणग्या येताहेत."

पडद्यावर पांढऱ्या रुमालातली म्हातारी बोलत होती. खाली इंग्रजीत ओळ होती, 'तुम्ही आलात म्हणून आमची मुलं वाचली.' वर संगीत वाजत होतं. त्यामागचं म्हातारीचं किर्गिझ बोलणं पेरिझातनं कान देऊन ऐकलं.

"चौथ्यांदा आलात. मी पाण्याचा पंप मागतेय आणि तुम्ही माझं तोंड कॅमेऱ्यात टिपताय. गढूळ पाण्यानं नातू गेला माझा. बंद करा ते."

पेरिझातचं डोकं सणकलं. तिनं शब्दन् शब्द हेलनबाईंना सांगितला. "तिचा नातू मेलाय आणि तुम्ही तिला आभार मानायला लावताय?"

"ठाऊक आहे गं आम्हाला," हेलनबाई शांतपणे म्हणाल्या. "पण पुढच्या आठवड्यात फिल्म तुमच्या देशात दाखवायचीय. तिथे तिचं बोलणं सगळ्यांना कळेल. म्हणून तर तुला घेतलं. ती खालची ओळ तेवढी तुमच्या भाषेत म्हणून दे, म्हातारीसारखा आवाज काढून."