सरकी, खुरपं, राख आणि दही

"दही?" दामिनीने विचारलं. "देवकाबाई जाताना दही घेऊन गेल्या?"

"वाटीभर. संगं भात बी," सून जयश्री म्हणाली. "मले वाटलं, मांजरानं खाल्लं."

"माय सकाळपासून गायब हाय, अन् तू दह्याचं सांगून राहिली!" श्रावण बायकोवर खेकसला. त्याच्या शर्टाच्या खिशात नवंकोरं कुलूप होतं. माय सापडली की खोलीत कोंडायची, हे त्याचं पक्कं झालं होतं. ती भ्रमिष्ट झाली असा कागद तेवढा या मॅडमनी लिहून द्यायचा.

जूनपासून गायब झालेली ही चौथी म्हातारी. आधीच्या तिघी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आल्या, पण कुठे गेल्या होत्या ते सांगायला एकीनेही तोंड उघडलं नाही. गावात कोणी म्हणे किडनीवाले आलेत, कोणी म्हणे बाहेरची बाधा. शेवटी सौंसरच्या ठाणेदारांनी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दामिनीला बोलावलं होतं. नवव्या वर्षी आईचं बोट धरून ती इथून नागपूरला गेली होती. आई तिकडेच वारली. तीस वर्षांनी ती परत आली होती, नोकरीसाठी.

तिने फाईल पुन्हा उघडली. चोरीला गेलेल्या वस्तू : काही नाही. आता बघा, पोलिसांना चोरी म्हटली की सोनंच दिसतं. पण घरच्यांच्या जबाबात सगळं होतं. जूनमध्ये मोहगावची गेली, तेव्हा फडताळातली सरकीची पुरचुंडी गेली. जुलैत लोधीखेड्याची गेली, तिच्यासोबत खुरपं. पोळ्यानंतर बोरगावची गेली, ती चुलीतली राख बांधून. आणि आज दसऱ्यानंतर देवकाबाई, दहीभात घेऊन.

पेरलं, निंदलं, माव्याची कीड पडली तेव्हा राख मारली. आणि आता...

"आता सीतादही!" दामिनी एकदम उभी राहिली. कापसाची पहिली वेचणी! तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या टोकाला पाच खडे मांडायचे, त्यांना कुंकू लावायचं, कपाशीवर दहीभात उडवायचा, आणि मगच पहिल्या बोंडाला हात. आई पाच बोटांनी दहीभात उडवायची तेव्हा त्यातला थोडा मुद्दाम लेकीच्या नाकावर पडायचा. किती वर्षांत हे आठवलंच नव्हतं! "श्रावणभाऊ, तुमच्या वावरात वेचायला कोण कोण यायचं?"

"वावर विकून बारा वर्षं झाली, मॅडम. आता तिथं संत्र्याची बाग हाय." तरी तो बोटं मोजू लागला. "माय स्वतः. मोहगावची मावशी. लोधीखेड्याची, बोरगावची..." तो थबकला. "अरे बाप्पा! ह्याच तर! अन् पाचवी पंचफुलाबाई. ते नागपूरले गेली."

दामिनीने फाईल मिटली. पंचफुला तिच्या आईचं नाव.

बागेच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, संत्र्याच्या सावलीपासून हातभर दूर, कपाशीचं एकच झाड उभं होतं. बुडाशी कुंकू लावलेले पाच खडे. त्यांच्याजवळ देवकाबाई निवांत बसली होती, कमरेला कापसाची ओटी बांधून.

"माय!" श्रावणचा आवाज फाटला. "सांगून काऊन नाही आली?"

"सांगतलं असतं तं येऊ देलं असतं तुनं?"

देवकाबाईने ओटी उघडून दाखवली. चार बोंडांचा कापूस. झाडावर एक फुटलेलं बोंड तसंच ठेवलं होतं.

"हे काऊन ठेवलं?" श्रावणने विचारलं.

"पंचफुलाच्या वाट्याचं हाय. तिघी सकाळीच आल्या, आपापलं बोंड वेचून माह्या ओटीत टाकून गेल्या. म्या म्हटलं, पाचवीचं कोण तोडन? म्हणून बसून राहिली." तिने डोळे बारीक करून दामिनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाक तर तिचंच हाय वं तुह्यं."

दामिनीला हुंदका आवरला नाही. देवकाबाईने वाटीतला उरलेला दहीभात बोटांवर घेतला आणि झाडावर उडवला. थोडा दामिनीच्या नाकावर पडला. तिने तो पुसला नाही. तिने बोंड वेचलं आणि देवकाबाईच्या ओटीत टाकलं.

खाली वाकून मायला हात देताना श्रावणच्या खिशातलं कुलूप मातीत पडलं. तो ओशाळला आणि त्यावर पाय ठेवायला गेला, पण देवकाबाईने ते आधीच उचललं होतं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"लाव बाबू," ती म्हणाली. "आता मिरगाच्या पेरणीपर्यंत मले काही काम नाही." मग ओटी सोडून तिने तो मूठभर कापूसही त्याच्याच हातात ठेवला. "पण ह्यातली सरकी उंदरापासून सांभाळजो."