कोपऱ्याचा प्लॉट

नव्या ले-आउटमधल्या कोपऱ्याच्या प्लॉटवर घर बांधून कुमुदताईंनी भोवती उंच पत्रे ठोकले होते. ओव्हरसियर नकाशा घेऊन आला. "ताई, दोन रस्ते मिळतात तिथला कोपरा तिरका कापावा लागतो. दोन्हीकडची गाडी दिसायला हवी."

"कोपऱ्याचाच प्लॉट हवा म्हणून भांडून घेतलाय मी! एक वीतही देणार नाही," म्हणत त्या पत्र्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. पत्रा तापून चटके बसले, तेव्हा कुठे फणकाऱ्याने बाजूला झाल्या.

कोपऱ्यातले पत्रे निघाले. डावीकडे पार शाळेपर्यंतची घरं दिसू लागली. उजवीकडे सोनटक्क्यांच्या दारात गाडीतून पाहुणे उतरत होते.

कुमुदताईंनी चष्मा पुसला. "मुलीला बघायला आलेत वाटतं," त्या पुटपुटल्या आणि ओव्हरसियरकडे वळल्या.

"साहेब, अजून दोन फूट कापलं तर चालेल का?"